एकशे सतरा कुठल्या भिंतीवर

गावात त्या जागेला सगळे पायांचा कारखाना म्हणत. दारावरच्या पाटीवर लांबलचक सरकारी नाव होतं, पण ते वाचायला कोण थांबतंय. ज्याला यायचं तो कुबड्या टेकत सरळ आत येई. आत सगळीकडे प्लास्टरची पांढरी धूळ. सगळ्यात मागच्या खोलीत छताला भिडलेले रॅक, आणि त्या रॅकवर साचे, चारशेच्या वर. ज्याचा पाय करायचा त्याच्या उरलेल्या मांडीला किंवा पोटरीला ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळायच्या, वाळल्या की टोपीसारख्या अलगद उतरवायच्या आणि त्या पोकळीत प्लास्टर ओतायचं. दुसऱ्या दिवशी त्या माणसाचा उरलेला पाय जसाच्या तसा हातात येई, टाक्यांच्या रेघा आणि सुरकुत्यांसकट. त्यावर मग मापाचं सॉकेट, म्हणजे नव्या पायाची खोबण, चढवायचं.

सूनबाई तिथे सहा वर्षं काम करत होती. तिचं खरं नाव हजेरीपुस्तकात होतं, पण कारखान्याचे मिस्त्री तिच्या सासऱ्यांचे जुने स्नेही, त्यांनी पहिल्या दिवशी ‘ये सूनबाई’ म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. मिस्त्री सत्तरीचे होते आणि त्यांची जीभ अजून तिशीतली होती. नव्या माणसाला माप द्यायला बसवताना ते हमखास म्हणत, “आमच्याकडे येणारा कसा, एका पायावर तयार असतो.” माणूस हसला तर बरं, नाही हसला तर मिस्त्री स्वतःच हसत आणि पट्ट्या भिजवायला घेत.

युद्ध संपून अठ्ठावीस वर्षं झाली होती. नदीच्या या काठचे ते अलीकडचे, त्या काठचे ते पलीकडचे, आणि दोघांनीही मधल्या शेतांत सुरुंग पेरलेले. इतकी वर्षं स्मृतिदिनही दोन व्हायचे, एकाच तारखेला, पुलाच्या दोन टोकांना. दोन्हीकडे कर्णे लावलेले असत आणि आपला कर्णा त्यांच्याहून मोठ्याने वाजला की माणसं समाधानाने घरी जात. या वर्षी पहिल्यांदाच दोन्हीकडच्यांची मिळून एक समिती झाली, एक सभागृह ठरलं, आणि समितीतल्या कुणाला तरी कारखान्यातले साचे आठवले. समोरासमोरच्या दोन भिंतींवर साचे मांडायचे. एका भिंतीवर अलीकडच्यांचे, दुसऱ्या भिंतीवर पलीकडच्यांचे. नावं नाहीत, फक्त नंबर. मध्ये दोन्हीकडचे म्हातारे सैनिक खुर्च्यांवर समोरासमोर बसतील.

कल्पना चांगली होती. अडचण एवढीच, की कुठला साचा कुणाचा हे कागदावर कुठेच नव्हतं. युद्धाच्या काळात कारखान्यात अलीकडचेही येत, पलीकडचेही. तेव्हाच्या डॉक्टरबाईंनी सक्त ताकीद दिली होती, की वहीत नाव लिहायचं नाही आणि बाजूही लिहायची नाही. वही उद्या कुणाच्या हाती लागेल सांगता येत नाही. म्हणून वहीत नंबर आणि तारीख, बास.

“मग वाटणी करायची कशी?” सूनबाईने विचारलं.

मिस्त्रींनी रॅकवरून दोन साचे काढून टेबलावर ठेवले. “हात फिरव.”

तिने फिरवला. एक गुळगुळीत होता, गुडघ्याच्या खाली संपलेला. दुसरा मांडीतच तुटलेला, आणि त्याच्यावर बारीक बारीक खळगे, देवीच्या वणांसारखे, पण लांबट.

“पलीकडच्यांचा सुरुंग पत्र्याच्या डबीतला, एवढासा. पाऊल नेतो, फार तर घोटा. आपला लाकडी पेटीतला. दुप्पट दारू, आणि वर लाकडाच्या कपच्या मांसात घुसतात. काढल्या तरी खळगे राहतात.” मिस्त्रींनी खळग्यांवरून अंगठा फिरवला. “म्हणजे खळगेवाला आला की समजायचं हा आपला सुरुंग खाऊन आलाय, म्हणजे पलीकडचा. गुळगुळीत तो आपला. आम्ही पट्ट्या गुंडाळतानाच ओळखायचो. बोलायचो नाही एवढंच.”

चार दिवस ती खळगे चाचपत होती. सोपं काम होतं, डोळे मिटूनही झालं असतं. पुसायचं, चाचपायचं, नंबर मांडायचा, डावीकडे किंवा उजवीकडे. तिची साडेतीन वर्षांची लेक छकुली रिकाम्या खोक्यात बसून पट्ट्यांच्या तुकड्यांची बाहुली करत असे आणि सूनबाईचा एक डोळा सतत तिच्यावर असे. प्लास्टर तोंडात घालेल, रॅकला धरेल, दाराबाहेर जाईल. चौथ्या दिवशी दुपारी पलीकडच्यांच्या ढिगात ठेवायला तिने एक साचा उचलला आणि नंबर वहीत लिहून झाल्यावर तिचा हात थांबला.

एकशे सतरा.

हा नंबर ती रोज बघत होती. सासऱ्यांच्या पायाच्या आत, सॉकेटच्या कडेला, हाच आकडा कोरलेला होता. पाय धुवायचं काम सासूबाईंचं, पण वाळायला ठेवलेला पाय सूनबाई येता-जाता बघायची. सासऱ्यांची उघडी मांडी मात्र तिने कधी पाहिली नव्हती. ते सुनेसमोर धोतर सारखं करून, वर पंचा टाकून बसत.

तिने पुन्हा हात फिरवला. खळगेच खळगे होते.

“मिस्त्री, हा चुकून इकडे आलाय,” ती म्हणाली. “हा बाबांचा आहे.”

मिस्त्री करवतीला तेल देत होते. त्यांनी मान वर केली नाही. तेल देऊन झाल्यावर म्हणाले, “आकडा तुला पाठ असेल हे माझ्या लक्षातच आलं नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे खळगे खोटं बोलत नाहीत, पोरी. आपल्या सुरुंगावर आपलीही माणसं पडली. किती ते मी मोजलं नाही. पण त्यांना पदक मिळालं ते शत्रूच्या सुरुंगाचं. वरून तसं लिहून आलं, त्यांनी सही केली.” करवत त्यांनी फडक्यात गुंडाळली. “रॅक तुझ्या ताब्यात आहे. डावीकडचा उजवीकडे ठेवलास तर इथे कोण विचारणार आहे?”

मिस्त्रींना वाटलं असेल की गोष्ट एवढीच आहे. पण सूनबाईला ठाऊक होतं, एवढीच नाही. त्या दिवशी त्या शेतात फक्त सासऱ्यांचा पाय गेला नव्हता. तिचा थोरला दीर गेला होता, नऊ वर्षांचा. तिचा नवरा, आता शहरात नोकरीला, तेव्हा सहा महिन्यांचा, झोळीत होता. थोरला नदीकाठच्या वाटेने बापाला शोधायला गेला, सुरुंगावर पाय पडला, आणि त्याला उचलायला धावलेल्या बापाचा पाय दुसऱ्या सुरुंगाने नेला. ही हकीकत सासूबाई दर स्मृतिदिनाला पुलाच्या या टोकाला उभ्या राहून सांगत. त्यांच्या भाषणातला शब्द इकडचा तिकडे होत नसे. शेवटी त्या पलीकडे बोट करत आणि म्हणत, “तुम्ही पेरलंत. तुम्हाला माहीत होतं तिथून पोरं येतात-जातात. माझा मुलगा तुम्ही नेलात. मी तुम्हाला माफ केलेलं नाही.”

एरवी त्या फार बोलणाऱ्या नव्हत्या. वर्षभर जपून ठेवल्यासारखं तेवढंच बोलत. आणि या वर्षी समितीने महिनाभर विनवण्या करून त्यांना नव्या सभागृहात बोलायला तयार केलं होतं. त्यांनी एकच अट घातली होती: पलीकडचे समोर बसलेले असले पाहिजेत. “इतकी वर्षं पाण्यावरून ओरडतेय. आता तोंडावर सांगीन.”

घरी आल्यावर सूनबाईने छकुलीला सासूबाईंबरोबर आत पाठवलं आणि मागच्या अंगणात गेली. सासरे उन्हाला पाठ करून बसले होते. ते मूळचे सुतार, पण युद्धानंतर त्यांनी रंध्याला हात लावला नव्हता. पाय नाही म्हणून, असं सगळे समजत.

“बाबा, साच्यांची वाटणी चाललीय. खळगे बघून.”

त्यांनी पंचा मांडीवर ओढून घेतला. पुढे विचारायची गरजच उरली नाही.

“एकशे सतरा कुठे गेला?” त्यांनीच विचारलं.

“पलीकडच्यांत.”

ते नुसते मान हलवत राहिले, कुणी हिशेब बरोबर सांगितल्यावर हलवावी तशी. मग बोलायला लागले ते सुनेकडे न बघता, भिंतीकडे तोंड करून.

“पेट्या आमच्याच सुतारकारखान्यात व्हायच्या. खुर्च्या-टेबलं बंद केली आणि पेट्या. रंधा मी मारायचो. आतून-बाहेरून गुळगुळीत, पेरणाऱ्याच्या बोटाला कुसळ लागू नये म्हणून. मग पेरायला माणसं कमी पडली, तेव्हा आम्हालाच पाठवलं. ते शेत मी पेरलंय. सात ओळी. पाचव्या ओळीतला लागला पोराला. मला सहावीतला.”

“घरी सांगितलं का नाहीत? तिकडे जाऊ नका एवढंच?”

“घरी सांगायचं नाही असा हुकूम. बायका बोलतात, बोलणं पलीकडे पोचतं. आमच्यातल्या एकाने बहिणीला सांगितलं, तर त्याला आमच्यासमोरच भिंतीशी उभा करून गोळी घातली.” त्यांनी पंचा सारखा केला. “मी पोराला म्हटलं होतं, बाहेर जाऊ नकोस. पण ते तर रोजच म्हणायचो. सगळ्या घरांतून सगळे बाप म्हणायचे. त्याला काय कळणार, आजचं निराळं आहे?”

आतून छकुलीचा हसण्याचा आवाज आला आणि सासूबाईंचा लटका ओरडा.

“मी साचा हलवू का?” सूनबाईने विचारलं. “आईंनी बघितला तर?”

“माझ्याच्याने तिला सांगवलं नाही. आता सांगवेल असंही नाही.” त्यांनी काठी जवळ ओढली. “बघितला तर बघितला. तुला हलवायचा तर हलव. मी तुला काही म्हणणार नाही.”

म्हणजे मिस्त्रींनी तिच्यावर टाकलं आणि यांनीही तिच्यावरच. सूनबाईला रागच आला. दोन म्हातारे अठ्ठावीस वर्षं तोंड मिटून बसणार, आणि हलवायचं की नाही ते ठरवायचं कुणी, तर काल आलेल्या सुनेने.

स्मृतिदिनाच्या सकाळी ती सगळ्यांच्या आधी सभागृहात गेली. समितीची माणसं खुर्च्या लावत होती, एक जण ध्वनिक्षेपकात ‘हॅलो, हॅलो’ करत होता. तिने पलीकडच्यांच्या भिंतीवरून एकशे सतरा उचलला, समोरच्या भिंतीशी नेला, दोन गुळगुळीत साच्यांच्या मध्ये ठेवला. मागे सरून पाहिलं. लांबून काही कळत नव्हतं. झालं काम. पदक पदकाच्या जागी, भाषण भाषणाच्या जागी, संध्याकाळी सगळे घरी.

छकुली तिच्या ओढणीचं टोक धरून उभी होती. सूनबाई तिच्याकडे बघत राहिली. हिचं असं काही झालं असतं, आणि घरातल्या माणसाला ते ठाऊक असतं, आणि आपण जन्मभर भलत्याच दिशेला बोट दाखवत राहिलो असतो, तर? कळू नये असं वाटलं असतं का आपल्याला? तिने स्वतःला दोनदा विचारलं, आणि दोन्ही वेळा उत्तर एकच आलं. ते उत्तर तिला मुळीच आवडलं नाही. कळलं असतं तर आपण मोडून पडलो असतो. पण लपवणाऱ्याला, मग त्यात साचा हलवणाराही आला, कधी घरात घेतलं नसतं.

तिने एकशे सतरा उचलला आणि परत पलीकडच्यांच्या भिंतीवर नेऊन ठेवला.

दहा वाजता माणसं यायला लागली. एका दाराने अलीकडचे, दुसऱ्या दाराने पलीकडचे. ते तसं कुणी सांगितलं नव्हतं, आपोआप झालं. अठ्ठावीस वर्षांत म्हातारे सगळे सारखेच दिसायला लागले होते, कोटांचे रंग तेवढे वेगळे. खुर्चीवर बसताना पाय सरळ पुढे काढायची आणि मग हाताने गुडघा दाबून वाकवायची दोन्हीकडची पद्धतही तीच, कारण पाय एकाच कारखान्यातले. सासरे पहिल्या रांगेत पदक लावून बसले. त्यांनी भिंतींकडे बघितलं नाही.

सासूबाई थेट आपल्या भिंतीशी गेल्या आणि एकेका नंबरावर बोट टेकवत पुढे सरकू लागल्या. भिंत संपली. पुन्हा पहिल्यापासून बघितली. मग लांबूनच सुनेला विचारलं, “अगं, यांचा कुठे ठेवलास?”

सूनबाईला काहीतरी सांगता आलं असतं. खालच्या फळीवर असेल, कारखान्यात राहिला असेल.

“त्या भिंतीवर आहे, आई.”

“त्या कशाला?”

सासूबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि हॉलच्या मधून चालत पलीकडे गेल्या. सूनबाई छकुलीला कडेवर घेऊन मागे गेली. एकशे सतराच्या शेजारी एक गवंडी उभा होता, पलीकडचा, रुंद खांद्यांचा, पँटची एक बाजू मांडीवर सैल. त्याच्या बाजूला जराशी जागा करून देत तो म्हणाला, “या ताई, या. तुमचं कुणी आहे का यात?”

“हा.” त्यांनी बोट दाखवलं.

“अच्छा, म्हणजे माझे शेजारी. मी एकशे सोळा.” गवंड्याला बरं वाटलेलं दिसलं. “आमची ही सगळी भिंत लाकडी पेटीवाल्यांची. हे खळगे बघा. पत्र्याच्या डबीने असे पडत नाहीत. अलीकडच्या सुतारांची कलाकुसर.” तो हसला, कडवट नाही, सवयीने. “तुमच्या यजमानांचं कुठलं शेत?”

सासूबाईंनी साच्यावर तळवा ठेवला आणि बोटं एकेका खळग्यावरून फिरवली. बघत नव्हत्याच त्या. रोज तेल लावून त्यांच्या बोटांना तो सगळा मुलूख पाठ होता. बाहेरच्या बाजूचे तीन, मग मोठा, मग खालचे बारीक. शेवटच्या खळग्याशी बोटं थांबली.

“यांनी पेट्या केल्यात,” त्या म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या ते कळलं नाही. “मला म्हणाले होते, दारुगोळ्याची खोकी करतोय.”

गवंडी काही विचारणार तेवढ्यात ध्वनिक्षेपकातून सासूबाईंना पुकारलं गेलं, “आता आपल्या वीरमाता...”

त्या वळल्या आणि चालत गेल्या. सूनबाई पुढे झाली, “आई, आज राहू दे, मी सांगते त्यांना,” असं म्हणाली, पण त्यांनी तिचा हात बाजूला केला. जोरात नाही, वाटेतली खुर्ची सरकवावी तसा.

ध्वनिक्षेपक पलीकडच्यांकडे तोंड करून लावला होता, सासूबाईंच्याच अटीप्रमाणे. त्यांनी तो दांड्यासकट उचलला आणि फिरवून अलीकडच्यांकडे केला. समितीचा एक तरुण धावत आला. “आजी, पाहुणे त्या बाजूला बसलेत.”

“मला दिसतंय कोण कुठे बसलंय.”

आणि त्यांनी भाषण केलं. तेच, दर वर्षीचं, एक शब्द इकडचा तिकडे नाही. मुलगा नऊ वर्षांचा होता. त्याच्या पायात मोठ्या माणसाच्या चपला होत्या, कारण त्याच्या फाटल्या होत्या. सापडली ती एकच. अलीकडच्यांच्या रांगांतून आधी कुजबुज झाली, कुणीतरी म्हणालं, म्हातारीची दिशा चुकली. कुणी घसे खाकरले. समितीच्या अध्यक्षांनी त्या तरुणाला पुन्हा खूण केली, पण तो जागचा हलला नाही. मिस्त्री मागच्या खांबाला टेकून उभे होते, त्यांनी डोळे मिटून घेतले.

“तुम्ही पेरलंत,” सासूबाई म्हणाल्या. बोट कुणावरच नव्हतं, हात अंगाशी होता. “तुम्हाला माहीत होतं तिथून पोरं येतात-जातात. माझा मुलगा तुम्ही नेलात. मी तुम्हाला माफ केलेलं नाही.”

पहिल्या रांगेत सासरे उठून उभे राहिले होते. कधी उठले ते सूनबाईच्या लक्षात आलं नाही. त्यांनी काठीही घेतली नव्हती. ते तसेच उभे राहिले, दोन्हीकडच्या चारशे माणसांत एकटेच, आणि सासूबाई खाली उतरून त्यांच्यासमोरून गेल्या, तरी उभेच होते. समोरच्या रांगेतला गवंडी आधी त्यांच्याकडे, मग भिंतीवरच्या एकशे सतराकडे आणि पुन्हा त्यांच्याकडे बघत होता. त्याला कळलं असावं. त्याने तोंड फिरवलं.

कार्यक्रम पुढे चालू राहिला. दोन्हीकडची नावं वाचली गेली, एक त्यांचं, एक यांचं. ऐकलं फार कुणी नाही.

घरी सासूबाईंनी लुगडं बदललं, स्वयंपाक केला, छकुलीला भरवलं. सूनबाई ताटं मांडायला लागली तेव्हा म्हणाल्या, “त्यांचं आता नको मांडू. ते नंतर जेवतील.”

सासरे बाहेरच्या खोलीतून ऐकत होते. तिथूनच त्यांनी विचारलं, “किती दिवस?”

“ते मला नाही सांगता येणार.”

सासूबाईंनी दोन घास खाल्ले आणि हात थांबवला. “साचा तिथे कुणी ठेवला?”

“मी.”

“चुकून?”

“नाही. एकदा हलवला होता. मग परत ठेवला.”

सासूबाई ताटाकडे बघत राहिल्या. “बरं केलंस असं मी म्हणणार नाही.”

“नका म्हणू, आई.”

“लेकराला समोरून उठव. माझ्याकडे टक लावून बघतेय.”

सूनबाईने छकुलीला उचलून अंथरुणावर निजवलं आणि ती परत आली तर सासूबाई तशाच बसलेल्या. त्यांनी पेला पुढे सरकवला. “त्यांना पाणी नेऊन दे. गोळीची वेळ टळून गेली.”

सूनबाई पाणी घेऊन बाहेरच्या खोलीत गेली. सासऱ्यांनी गोळी घेतली, पाणी प्यायले आणि पेला हातातच धरून ठेवला.

“काय म्हणाली?”

“गोळी घ्या म्हणाल्या.”

“आणखी?”

“एवढंच.”

त्यांनी पेला परत दिला.